चाहत्यांचे खेळ, मालकांच्या नोटिसा

१९८० च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रविद्यापीठाच्या वसतिगृहात डग मॅक्रे आणि केव्हिन करन हे दोन विद्यार्थी शिकता शिकता एक छोटा धंदा चालवत होते. नाणं टाकून खेळायची यंत्रं विकत घ्यायची, वसतिगृहात मांडायची आणि गल्ला गोळा करायचा. त्यांच्याकडे अटारी कंपनीची ‘मिसाइल कमांड’ची यंत्रंही होती. आकाशातून क्षेपणास्त्रं कोसळताहेत आणि खालची शहरं आपण वाचवायची, असा तो खेळ. सुरुवातीला त्यावर झुंबड उडाली. मग पोरं सरावली, एकाच नाण्यात बराच वेळ टिकू लागली आणि गल्ला घटला. नवं यंत्र घ्यायचं तर खर्च मोठा. त्यापेक्षा आहे तोच खेळ अवघड केला तर?

दोघांनी आणखी काही मित्र हाताशी धरले, अटारीच्या यंत्रातला प्रोग्रॅम उलगडून वाचला आणि मूळ यंत्राला जोडायचा एक पूरक सर्किट बोर्ड तयार केला. तो बसवला की जुना खेळ नव्याने अवघड होई. त्याचं नाव ठेवलं ‘सुपर मिसाइल अटॅक’. जनरल कॉम्प्युटर कॉर्पोरेशन या नावाने कंपनी काढून २९५ डॉलरला एक या दराने त्यांनी हे बोर्ड विकायला काढले. ज्याच्याकडे अटारीचं यंत्र आहे त्यालाच हा बोर्ड उपयोगी, तेव्हा अटारीने आधीच आपले पैसे वसूल केलेले असत. पण तीनशे डॉलरच्या आत जुनं यंत्र पुन्हा चालू लागणार असेल, तर हजारो डॉलरची नवी यंत्रं कोण घेईल? १९८१ मध्ये अटारीने या विद्यार्थ्यांवर दीड कोटी डॉलरचा दावा ठोकला.

पोरं बधली नाहीत. त्यांनी वकील दिला आणि खटला लढवायची तयारी केली. दुसऱ्याच्या गेममध्ये असा फेरफार करायला कायद्याची मुभा आहे की नाही, याचं ठाम उत्तर तेव्हा कोणाकडेच नव्हतं. काही महिन्यांत तडजोड झाली आणि तिच्या अटी आज वाचल्या तरी नवल वाटतं. अटारीने दावा मागे घेतला आणि ज्यांना कोर्टात खेचलं होतं त्यांनाच पैसे देऊन आपल्यासाठी गेम बनवायचं काम सोपवलं. बदल्यात विद्यार्थ्यांनी कबूल केलं, की मूळ उत्पादकाच्या परवानगीशिवाय असे पूरक बोर्ड यापुढे विकायचे नाहीत.

या मंडळींकडे तेव्हा आणखी एक बोर्ड तयार होत आला होता. ‘पॅक-मॅन’वर बेतलेल्या त्या खेळाचं नाव होतं ‘क्रेझी ओटो’, आणि त्यातल्या पिवळ्या गोळ्याला पाय फुटले होते. तडजोडीप्रमाणे आता परवानगी हवी, म्हणून ते ‘पॅक-मॅन’ची अमेरिकेतली उत्पादक मिडवे हिच्याकडे शिकागोला गेले. मिडवेला पुढच्या गेमची निकड होती आणि जपानच्या नामको या मूळ निर्मात्या कंपनीकडून तो येत नव्हता. मिडवेने ‘क्रेझी ओटो’ घेतला. पाय गेले, डोक्यावर लाल बो आला, ओठांना लाली आली, गालावर तीळ आला, आणि १९८२ च्या सुरुवातीला ‘मिस पॅक-मॅन’ बाजारात उतरली. एकाऐवजी चार चक्रव्यूह, फिरती फळं, आणि पाठलाग करणाऱ्या भुतांच्या चालीत थोडी अनिश्चितता, त्यामुळे ठरलेली वाट पाठ करून जिंकणं बंद. या गेमची एक लाखाहून जास्त यंत्रं खपली. ते यंत्र उघडलं की आत ‘पॅक-मॅन’चा मूळ बोर्ड जसाच्या तसा दिसतो; त्यावरची झेड-८० ही मुख्य चिप काढून तिच्या जागी एक चपटी केबल लावलेली असते आणि ती केबल विद्यार्थ्यांनी योजलेल्या पूरक बोर्डाकडे जाते. विद्यार्थ्यांच्या याच कंपनीने पुढे खुद्द अटारीसाठी ‘अटारी ७८००’ हा घरगुती गेमिंग संच घडवला.

चाहत्यांनी बनवलेल्या गेमवर कंपनीची नोटीस येणं ही आज नेहमीची बातमी झाली आहे आणि त्यावरची चर्चाही ठरल्यासारखी होते: कायदा कायद्याच्या जागी आहे, कंपनी तरी काय करणार? या प्रश्नाचं उत्तर इतिहासात आहे. कंपनी पुष्कळ काही करू शकते, आणि तिने ते वेळोवेळी केलंही आहे.

कायदा मात्र हळूहळू कंपन्यांच्या बाजूने घट्ट होत गेला. १९८३ मध्ये मिडवेनेच आर्टिक नावाच्या कंपनीविरुद्धचा खटला अपिलात जिंकला. आर्टिक ‘गॅलक्सियन’चा वेग वाढवणारे बोर्ड विकत होती, आणि वेग वाढवलेला गेम ही मूळ गेमवर आधारित नवी कृती ठरते, तिच्यावर हक्क मूळ मालकाचा, असं न्यायालय म्हणालं. उलट, निन्टेंडोच्या गेममध्ये जादा आयुष्यं मिळवून देणाऱ्या ‘गेम जीनी’ या उपकरणाविरुद्धचा दावा १९९२ मध्ये निन्टेंडो हरली. घरात बसून, विकत घेतलेल्या गेममध्ये खेळणाऱ्याने तात्पुरता बदल केला तर त्यातून नवी कृती उभी राहत नाही, असा तो निकाल होता.

मग आला ‘डूम’. १० डिसेंबर १९९३ ला इड सॉफ्टवेअरने हा गेम आणला तेव्हा नकाशे, चित्रं आणि आवाज त्यांनी मुख्य प्रोग्रॅमपासून वेगळ्या फाइलमध्ये ठेवले होते. लोकांना हात घालता यावा म्हणूनच ही रचना होती. प्रोग्रॅमर जॉन कारमॅक याचा त्यासाठी आग्रह होता. काही आठवड्यांत लोकांनी स्वतःची साधनं बनवली, आणि पाठोपाठ स्वतःच्या लेव्हल. चाहत्यांच्या एका गटाने बत्तीस लेव्हलचा पूर्ण संच तयार केला आणि तो फुकट वाटायच्या बेतात असताना इडने तो विकत घेतला. १९९६ मध्ये ‘फायनल डूम’ या नावाने तो दुकानांत आला. १९९७ मध्ये इडने ‘डूम’चा सोर्स कोडच खुला केला. त्यानंतरच्या जवळजवळ तीस वर्षांत या गेमसाठी नवे नकाशे बनवणं कधी थांबलेलं नाही. कंपनीचं त्यात काही बुडालं असं कोणी दाखवून दिलेलं नाही.

१९९८ साल मात्र निर्णायक ठरलं, आणि दोन बाजूंनी. ‘ड्यूक न्यूकेम ३डी’ या गेमसोबत लेव्हल बनवायचं साधन दिलेलं होतं. लोक लेव्हल बनवत आणि फुकट वाटत. मायक्रो स्टार नावाच्या कंपनीने अशा तीनशे लेव्हल गोळा करून सीडीवर विकायला काढल्या. चाहत्यांच्या फुकट श्रमांवर कोणी तिसऱ्याने पैसे कमवावेत हे उघड चुकीचं होतं आणि गेमची प्रकाशक फॉर्मजेन हिने कोर्टात त्याला विरोध केला ते योग्यच झालं. पण अपील न्यायालयाने निकालासाठी निवडलेला आधार फार रुंद होता. त्या लेव्हल फाइलमध्ये मूळ गेमची चित्रं नव्हती, कुठे काय ठेवायचं याच्या सूचना फक्त होत्या. तरी त्या लेव्हल म्हणजे ड्यूकच्या कथेचे पुढचे भाग आहेत, आणि पुढचे भाग सांगण्याचा हक्क मालकाचाच, असं न्यायालयाने ठरवलं. वाद एका व्यापाऱ्याशी होता. तत्त्व लागू झालं ते घरी बसून नकाशे काढणाऱ्या प्रत्येकाला.

त्याच वर्षी अमेरिकेत डिजिटल मिलेनियम कॉपीराइट कायदा आला. या कायद्याखाली मालकाने नुसती तक्रार पाठवली की इंटरनेटवर फाइल ठेवू देणारी कंपनी ती ताबडतोब उतरवते. तसं केलं तर तिच्यावर जबाबदारी येत नाही. फाइल ठेवणाऱ्याला उलट नोटीस देता येते, पण मग मालक कोर्टात जाऊ शकतो, आणि हेतुपुरस्सर उल्लंघन सिद्ध झालं तर एका कृतीमागे दीड लाख डॉलरपर्यंत भरपाई द्यावी लागू शकते. नोकरी सांभाळून रात्री गेम बनवणारा माणूस हा आकडा वाचतो आणि सगळं बंद करतो. म्हणून अशी प्रकरणं न्यायाधीशापुढे जवळजवळ पोचतच नाहीत. फुकट वाटलेला, प्रेमाने बनवलेला, मूळ गेमच्या विक्रीला धक्का न लावणारा चाहत्याचा गेम ‘न्याय्य वापर’ या सवलतीत बसतो का, हा प्रश्न आजही बहुतांशी न तपासलेलाच आहे.

एकाच गोष्टीत हे सगळं पाहायचं तर ‘क्रिमसन एकोज’ पाहावा. जपानच्या स्क्वेअर कंपनीचा ‘क्रोनो ट्रिगर’ १९९५ चा, कालप्रवासाची कथा सांगणारा, अजूनही उत्तम गेमच्या याद्यांत मानाने येणारा. १९९९ मध्ये ‘क्रोनो क्रॉस’ आला आणि त्यानंतर या मालिकेत नवा मुख्य गेम निघालाच नाही. एका गटाने मूळ गेममधले निवडक प्रसंग नव्या त्रिमितीय रूपात करायला घेतले. २००४ मध्ये नोटीस आली, काम थांबलं. दुसरा एक गट मूळ गेमच्याच फाइलवर पुढची कथा रचत होता. चार वर्षांहून जास्त काळ लोकांनी संवाद लिहिले, नकाशे जोडले, अनेक शेवट बांधले. मे २००९ च्या अखेरीला ‘क्रिमसन एकोज’ सगळ्यांसाठी खुला करायची तारीख जाहीर झाली होती. ८ मे रोजी स्क्वेअर एनिक्सच्या वकिलांचं पत्र आलं. काम जवळजवळ पूर्ण झालेलं होतं. त्या गटाने प्रकल्प सोडून दिला. आपण काय बांधलं होतं ते लोकांना निदान दिसावं म्हणून खेळाचं चित्रीकरण तेवढं प्रसिद्ध केलं.

नोटीस अशी शेवटच्या क्षणी का येते? कारण त्याआधी त्या गेमकडे कोणाचं लक्षच नसतं. वर्षानुवर्षं चाहते उघडपणे काम करत असतात, प्रगतीची चित्रं टाकत असतात, आणि कंपनीच्या मौनाचा अर्थ संमती असा लावतात. मग प्रकाशनाची तारीख येते, बातम्या छापून येतात आणि बातम्यांमुळे वकिलांची नजर वळते. जितका गेम चांगला तितकी बातमी मोठी, आणि तितकी नोटीस लवकर. डिसेंबर २०१६ मध्ये ‘पोकेमॉन प्रिझम’ हा आठ वर्षं घडवलेला गेम नाताळला येणार होता. त्याच्या चारच दिवस आधी निन्टेंडोचं पत्र पोचलं. कंपनीने पहिल्या वर्षीच नकार कळवला असता तर ती आठ वर्षं तो बनवणाऱ्याला स्वतःच्या एखाद्या निर्मितीसाठी वापरता आली असती. या सगळ्या व्यवहारातली खरी क्रूरता या उशिरात आहे.

२०१६ हे वर्ष या बाबतीत लक्षात राहावं असंच होतं. ६ ऑगस्टला ‘मेट्रॉइड’ मालिकेला तीस वर्षं झाली. अर्जेंटिनातल्या मिल्टन गुआस्ती याने नेमका तो दिवस निवडून आपला गेम इंटरनेटवर ठेवला. ‘मेट्रॉइड २’ हा १९९१ चा, गेम बॉयच्या छोट्या बेरंगी पडद्यावरचा गेम. भुयारांत नकाशा नाही, एक गुहा दुसरीसारखी दिसायची, खेळणारा तासन्‌तास भटकायचा. गुआस्तीने सुमारे दहा वर्षं खपून तो पुन्हा बांधला: रंग, नवं संगीत, नकाशा, नव्या जागा, नव्या लढती. हे करता करताच तो प्रोग्रॅमिंग शिकला. गेम फुकट होता. काही दिवसांतच निन्टेंडोच्या तक्रारीवरून डाउनलोडचे दुवे उतरवले गेले आणि नंतर पुढच्या सुधारणाही थांबवाव्या लागल्या.

त्याच महिन्यात ‘पोकेमॉन युरेनियम’ आला. नऊ वर्षांचं काम, दीडशेहून जास्त नवे प्राणी, पंधरा लाखांच्या आसपास डाउनलोड, आणि मग तेच पत्र. सप्टेंबरमध्ये गेम जोल्ट या ठिकाणावरून निन्टेंडोने एका झटक्यात ५६२ गेम उतरवायला लावले. वर्षाअखेरीच्या द गेम अवॉर्ड्स सोहळ्यात चाहत्यांच्या उत्तम निर्मितीसाठी ‘युरेनियम’ आणि गुआस्तीचा गेम दोन्हींना नामांकन मिळालं होतं. काही दिवसांत ती नावं यादीतून गेली.

निन्टेंडोची बाजूही समजून घ्यायला हवी. सप्टेंबर २०१७ मध्ये तिने त्याच ‘मेट्रॉइड २’चं नवं अधिकृत रूप बाजारात आणलं. गुआस्तीचा गेम निघाला तेव्हा त्यावर काम चालू असणार, आणि फुकट मिळणारा तोच गेम तिला अडचणीचा वाटला असेल तर ते समजण्यासारखं आहे. पण तक्रारीत यातलं काही सांगितलेलं नव्हतं. आणि या कंपनीचाही एक भूतकाळ आहे. १९८१ च्या ‘डॉंकी कॉंग’मधलं माकड आपल्या ‘किंग कॉंग’वरून उचललं असा आरोप करून युनिव्हर्सल या चित्रपट कंपनीने १९८२ मध्ये तिच्यावर दावा लावला होता. वकील जॉन कर्बी यांनी दाखवून दिलं, की काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका खटल्यात खुद्द युनिव्हर्सलनेच ‘किंग कॉंग’ची कथा सर्वांसाठी खुली असल्याचा युक्तिवाद केला होता. निन्टेंडो जिंकली. जुन्या, सगळ्यांच्या ओळखीच्या गोष्टीवरून नवीन काहीतरी रचण्याची मोकळीक तिला मिळाली नसती, तर शिगेरु मियामोतो यांच्या ‘डॉंकी कॉंग’मधला उड्या मारणारा सुतार, म्हणजे पुढचा मारिओ, तिथेच अडकला असता.

‘हक्क बजावला नाही तर तो जातो, म्हणून कंपनीला नोटीस द्यावीच लागते’, हे वाक्य अशा प्रत्येक वेळी ऐकू येतं. ते ट्रेडमार्कच्या बाबतीत काही प्रमाणात खरं आहे. नाव आणि बोधचिन्ह वर्षानुवर्षं कोणीही वापरू दिलं तर त्याची ओळख पुसट होऊ शकते. कॉपीराइटला हे लागू नाही. एका चाहत्याकडे कानाडोळा केला म्हणून गेमवरचा कॉपीराइट संपत नाही. शिवाय नावाची काळजी असेल तर लेखी परवाना देण्याचा रस्ता असतोच. ‘किंग्ज क्वेस्ट’ मालिकेचा पुढचा भाग बनवणाऱ्या चाहत्यांना २००५ मध्ये हक्क असलेल्या व्हिवेंडी कंपनीने आधी थांबवलं आणि मग काही अटींवर परवानगी दिली. हक्क ॲक्टिव्हिजनकडे गेल्यावर २०१० मध्ये पुन्हा नोटीस आली, आणि लोकांनी आवाज उठवल्यावर त्याच वर्षी ती मागे घेतली गेली. कायद्याची कलमं पाच वर्षांत बदलली नव्हती. टेबलापलीकडची माणसं बदलली होती.

जपानमध्ये तर हा व्यवहार मुरलेला आहे. १९७५ च्या डिसेंबरात तोक्योत कोमिकेट नावाचा मेळा सुरू झाला. चाहत्यांनी स्वतः काढलेली मासिकं, चित्रकथा आणि पुढे गेमही तिथे विकले जातात, आणि आता लाखो लोक येतात. त्यातलं बरंचसं साहित्य दुसऱ्यांच्या पात्रांवर बेतलेलं असतं आणि प्रकाशक बहुधा कानाडोळा करतात, कारण उद्याचे चित्रकार आणि आजचे सर्वांत निष्ठावान वाचक त्याच गर्दीत असतात. या सवलतीलाही सीमा आहे: १९९९ मध्ये पोकेमॉनच्या पात्रांची प्रौढांसाठीची चित्रकथा विकल्याबद्दल एका महिलेला अटक झाली आणि तो सगळा समाज हादरला. तरी २०१८ मध्ये कायदा कडक करतानाही मालकाच्या तक्रारीविना खटला भरण्याची तरतूद जपानने जशीच्या तशी नक्कल विकणाऱ्यांपुरतीच ठेवली. चाहत्यांची रूपांतरं तिच्याबाहेर राहिली.

सेगा या गेम कंपनीचं उदाहरण यासाठी मोलाचं, की तिथे एकाच कंपनीत दोन्ही वागणुकी दिसतात. २०११ च्या एप्रिलमध्ये ‘स्ट्रीट्स ऑफ रेज’ची चाहत्यांनी सुमारे आठ वर्षं खपून केलेली नवी आवृत्ती बाहेर पडली आणि सेगाने ती लगोलग उतरवायला लावली. त्याच वर्षाच्या अखेरीला सेगाच्याच ‘सॉनिक सीडी’ची नवी अधिकृत आवृत्ती आली, ती बनवणारा होता ख्रिश्चन व्हाइटहेड, सॉनिकचे गेम हौसेने घरी बनवत आलेला ऑस्ट्रेलियन तरुण. पुढे सेगाने त्याच्यावर आणि त्याच्यासारख्याच आणखी काही चाहत्यांवर नव्या गेमची जबाबदारी टाकली. ऑगस्ट २०१७ चा ‘सॉनिक मेनिया’ हा कित्येक वर्षांतला सर्वांत वाखाणला गेलेला सॉनिकचा गेम ठरला. धावताना सॉनिकचे पाय कोणत्या वेगाला कसे दिसायला हवेत, उतारावर त्याचा वेग किती वाढायला हवा, हे त्या मुलांच्या बोटांना लहानपणापासून माहीत होतं. गुआस्तीलाही पुढे ‘ओरी अँड द विल ऑफ द विस्प्स’ या गेमच्या लेव्हल रचण्याचं काम मिळालं. ते देणारी मून स्टुडिओज ही वेगळीच कंपनी होती.

जुना गेमच नाहीसा झाला असेल तर प्रश्न आणखी गंभीर होतो. ब्लिझर्ड कंपनीचा ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा इंटरनेटवरून खेळायचा गेम २००४ चा. पण दर सुधारणेसोबत आधीचं रूप पुसलं जायचं, आणि २००४ चं ते जग कंपनीकडून कुठल्याच किमतीला मिळत नव्हतं. फ्रान्समधल्या काही स्वयंसेवकांनी २०१५ मध्ये ‘नॉस्टॅल्रियस’ नावाचा सर्व्हर उभारून ते जग पुन्हा चालू केलं. आठ लाख खाती उघडली गेली, दीड लाख लोक नियमित खेळत होते, शुल्क काही नव्हतं. ब्लिझर्डच्या वकिलांच्या पत्रानंतर १० एप्रिल २०१६ ला तो बंद झाला. जुना गेम परत आणायची कल्पना ब्लिझर्डच्या अधिकाऱ्यांनी त्याआधी जाहीरपणे झटकून टाकली होती. आता दोन लाखांहून जास्त लोकांनी विनंतीपत्रावर सह्या केल्या, कंपनीने त्या स्वयंसेवकांना आपल्या मुख्यालयात बोलावून त्यांचं म्हणणं ऐकलं, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट क्लासिक’ अधिकृतपणे सुरू झाला. ब्लिझर्डला तो व्यवसाय त्या बेकायदा सर्व्हरने दाखवून दिला होता.

दक्षिण कोरियाच्या एनसीसॉफ्टने याहून पुढचं पाऊल टाकलं. तिने ‘सिटी ऑफ हीरोज’ हा आपला गेम ३० नोव्हेंबर २०१२ ला बंद केला होता. खेळणाऱ्यांनी वर्षानुवर्षं जपलेली पात्रं त्या रात्री गेली. २०१९ मध्ये चाहत्यांनी गुपचूप सांभाळलेला त्याचा सर्व्हर उघडकीला आला आणि ‘होमकमिंग’ नावाच्या गटाने तो सगळ्यांसाठी चालवायला घेतला. कंपनीची नोटीस येईल या धास्तीतच त्यांनी तिच्याशी बोलणी चालू ठेवली. जानेवारी २०२४ मध्ये एनसीसॉफ्टने त्यांना रीतसर परवाना दिला. सर्व्हरचा खर्च आजही खेळणाऱ्यांच्या देणग्यांतून निघतो, आणि खेळ सगळ्यांना फुकट आहे.